उजेड कमी करताना

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला सिंगल स्लिटचा प्रयोग असतो. लेझर, त्याच्यापुढे केसाएवढी फट आणि समोर पडदा. पडद्यावर मधोमध ठळक लाल पट्टा दिसतो आणि दोन्ही बाजूंना फिकट होत जाणारे पट्टे. पूर्वी मुलं फूटपट्टीने काळ्या रेषांमधलं अंतर मोजायची, सूत्रात घालून फटीची रुंदी काढायची आणि प्रयोग तिथेच संपायचा. आता पडद्याच्या जागी लेन्स काढलेला कॅमेरा ठेवता येतो आणि उजेडाचा पूर्ण आलेख संगणकावर उमटतो. हा आलेख पहिल्यांदा काढणाऱ्या जवळजवळ प्रत्येक गटाचं मधलं शिखर सपाट येतं. पुस्तकात निमुळतं होत गेलेलं टोक आणि मुलांच्या कागदावर पाचगणीचं टेबललँड.

"मॅडम, आमचं वरून कापल्यासारखं का आलंय?" हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे, आणि मला तो मनापासून आवडतो. त्याच्या उत्तरातून एक आख्खं सत्र शिकवता येतं.

साध्या कॅमेऱ्याचा प्रत्येक पिक्सेल शून्य ते २५५ एवढंच मोजू शकतो. २५५ च्या वर कितीही उजेड पडला तरी तो २५५ च सांगतो. आता सिंगल स्लिटचं गणित पाहा. मधल्या शिखराची तीव्रता १०० मानली तर शेजारच्या पहिल्या पट्ट्याची ४.७ असते, दुसऱ्याची १.६५, तिसऱ्याची ०.८३. म्हणजे मधलं शिखर कसंबसं २५५ मध्ये बसवलं, तर पहिल्या पट्ट्याच्या वाट्याला १२ येतात, दुसऱ्याच्या ४ आणि तिसऱ्याच्या २. बाजूचे पट्टे नीट दिसावेत म्हणून उजेड वाढवला की मधलं टोक कापलं जातं. मधलं टोक वाचवलं की बाजूचे पट्टे कॅमेऱ्याच्या खरखरीत बुडतात. यातून सुटायची साधी वाट अशी. दोन फोटो घ्यायचे, एक पूर्ण उजेडात आणि एक कमी केलेल्या उजेडात, आणि मधला भाग दुसऱ्या फोटोतून घेऊन, जितक्या पटीने उजेड कमी केला होता तितक्या पटीने गुणून, पहिल्यात बसवायचा. असा जोडलेला आलेख पुस्तकातल्या वक्राशी इतका जुळतो की मुलं तो मोबाइलमध्ये फोटो काढून घरी दाखवायला नेतात.

"जितक्या पटीने" हे दोन शब्द मात्र सोपे नाहीत. उजेड नुसता कमी होऊन भागत नाही, किती कमी झाला ते ठाऊक असावं लागतं.

लेझरचंच बटण फिरवून उजेड का कमी करू नये, असं कुणीही विचारेल. हेलियम-निऑन लेझरला असं बटण नसतंच. लाल डायोड लेझरचा प्रवाह कमी करता येतो, पण एका मर्यादेखाली तो लेझर राहत नाही, साधा एलईडी होतो, आणि त्या मर्यादेच्या जवळपास त्याची तरंगलांबी आणि झोताचा आकारही हलतो. ज्याने मोजायचं तेच बदललं तर तुलना कशाशी करणार? म्हणून लेझर जसा आहे तसा चालू ठेवायचा आणि वाटेत काहीतरी आडवं धरायचं. त्या आडव्या धरायच्या वस्तूला दुकानात न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर म्हणतात. बाहेरून मागवलेला चांगल्या प्रतीचा असा फिल्टर नगाला काही हजार रुपये पडतो, आणि एकाने भागत नाही, संच लागतो. तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेचं वर्षाचं अनुदान किती असतं आणि त्यातलं काय काय आधीच ठरलेलं असतं, हे सांगायला नकोच. एका कॉलेजात मी असा संच पाहिला आहे. मखमली डबीत, डबी कपाटात, कपाटाला कुलूप, आणि किल्ली विभागप्रमुखांकडे. मुलांच्या हाताला लागून ओरखडा येईल म्हणून तो मुलांना कधीच दिला जात नसे. त्या डबीची मला आजही चीड येते. विद्यार्थ्यांसाठी घेतलेली वस्तू विद्यार्थ्यांपासून जपून ठेवायची, हे मला कधी पटलं नाही.

म्हणून आमच्याकडे फिल्टर विकत घेण्याऐवजी ते शोधायचे, कापायचे आणि मोजायचे असं ठरलं.

शोधताना पहिली अडचण आकड्यांची येते. उजेड किती अडतो हे सांगण्याच्या प्रत्येक धंद्याच्या पद्धती वेगळ्या. प्रयोगशाळेत ऑप्टिकल डेन्सिटी, म्हणजे ओडी, वापरतात. ओडी १ म्हणजे दहातला एक भाग पलीकडे जातो, ओडी २ म्हणजे शंभरातला एक, ओडी ३ म्हणजे हजारातला एक. दोन फिल्टर एकामागे एक ठेवले की ओडीची बेरीज करायची. कॅमेऱ्याच्या दुकानात तोच फिल्टर "एनडी ८" म्हणून मिळतो, आणि तिथे आठचा अर्थ उजेड आठपट कमी, म्हणजे ओडी ०.९. हे माहीत नसलेला मुलगा ओडी ८ समजून तो घेऊन येतो, आणि ओडी ८ म्हणजे दहा कोटीतला एक भाग. वेल्डिंगच्या काचेला शेड नंबर असतो. गाडीच्या काचेच्या फिल्मला पलीकडे जाणाऱ्या उजेडाचे टक्के असतात. चारही ठिकाणी मोजतात तेच, पण भाषांतर आपल्याला करावं लागतं, आणि हे भाषांतर मी मुलांकडूनच करून घेते. लॉगॅरिदम कशासाठी शिकायचा हे कळायला याहून चांगली जागा मला सापडलेली नाही.

वेल्डिंगच्या काचेपासून सुरुवात करू. पुण्यात बोहरी आळीत जा, नाहीतर कुठल्याही गावच्या हार्डवेअरच्या दुकानात. आयताकृती, गडद हिरवी, किरकोळ किमतीची काच मिळते आणि कोपऱ्यात नंबर छापलेला असतो. शेड नंबरातून एक वजा करा आणि उरलेल्याला ३/७ ने गुणा, की ओडी मिळते. गॅस वेल्डिंगची ५ नंबरची काच म्हणजे ओडी १.७, आर्कची १० नंबरची म्हणजे सुमारे ३.९. एवढ्या पैशात ओडी ३.९ जगात दुसरीकडे मिळणार नाही. पण हा आकडा डोळ्याला दिसणाऱ्या एकंदर उजेडासाठी दिलेला असतो. काच हिरवी दिसते याचाच अर्थ ती हिरवा उजेड त्यातल्या त्यात सोडते आणि लाल जास्त खाते. आमच्या ६५० नॅनोमीटरच्या लाल लेझरला ती छापलेल्या आकड्यापेक्षा बरीच जास्त अडवते. शिवाय काच ओतताना राहिलेल्या लाटा तिच्यात असतात, त्यामुळे झोत थोडा वेडावाकडा होतो. त्यावर उपाय साधा आहे. फिल्टर फटीच्या नंतर लावू नका, आधी लावा. फट झोताचा एवढासा तुकडा निवडते, आणि एवढ्याशा तुकड्यात काचेची लाट फारशी कळत नाही.

गाडीच्या फिल्मची गोष्ट जरा निराळी. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, तरी ती फिल्म दुकानांतून गेली नाही, घरांच्या आणि ऑफिसांच्या खिडक्यांना लागते. पुण्यातल्या नाना पेठेत गाड्यांच्या सामानाच्या एका दुकानात मी विचारायला गेले, तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आधी विचारलं,

"मॅडम, गाडी कुठली?"

"गाडीला नकोय. कॉलेजच्या लॅबसाठी तुकडे हवेत. वेगवेगळ्या टक्क्यांचे."

"लॅबच्या खिडकीला?"

"नाही हो, लेझरसमोर धरायला."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग आतून काकांना हाक मारली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, खालच्या कप्प्यातून कापताना उरलेल्या पट्ट्यांचं भेंडोळं काढलं आणि एकेक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरून दाखवायला लागले. "ही पाच टक्केवाली. ही वीस. ही पस्तीस, जरा निळसर मारते बघा. ही पन्नास. ह्या दोन डायच्या, ही मेटलची. मेटलची आरशासारखी चमकते, तुमच्या कामाला कुठली ते तुम्ही बघा." एका वाक्यात त्यांनी डायचा, म्हणजे रंगाचा, उजेड शोषणारा फिल्टर आणि धातूचा, परावर्तन करणारा फिल्टर यांतला फरक सांगितला होता. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मीच बळे दिले.

पाच टक्के म्हणजे ओडी १.३, वीस म्हणजे ०.७, पस्तीस ०.४६ आणि पन्नास ०.३. सूक्ष्मदर्शकाच्या काचपट्टीवर साबणाच्या पाण्याचा हात फिरवून फिल्म चिकटवली, जुन्या एटीएम कार्डाने पाणी आणि बुडबुडे बाहेर ढकलले, की एका दुपारी संच तयार होतो. मुली हे काम फार निगुतीने करतात. बुडबुडा राहिला तर उजेड विखुरतो आणि मधल्या शिखराभोवती धुकं येतं, हे एकदा पडद्यावर पाहिलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

काही वस्तूंची वाट फार लवकर संपली. प्रिंटरवर करड्या रंगाची पारदर्शक शीट छापून पाहिली, तर त्यातले टोनरचे ठिपके ओळीने बसलेले असतात आणि शीट जाळीसारखी वागते. एका झोताचे कितीतरी ठिपके पडद्यावर उमटतात. दिसायला सुंदर, फिल्टर म्हणून निरुपयोगी. एक्स-रेची जुनी फिल्म उजेड अडवते, पण तिच्यातले चांदीचे कण तो विखुरतातही.

पोलरॉइड, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा उजेड पुढे सोडणारी पट्टी, मात्र प्रत्येक प्रयोगशाळेत पडून असतो, आणि बंद पडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यावरूनही सोलून काढता येतो. दोन पोलरॉइड एकामागे एक ठेवून एक फिरवला की मालुसच्या नियमाने उजेड हवा तेवढा कमी-जास्त करता येतो, आणि किती ते कोनावरून काढता येतं. डायोड लेझरचा उजेड आधीच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेने कंप पावणारा, असतो, त्याला पुष्कळदा एक पोलरॉइडसुद्धा पुरतो. हेलियम-निऑनची नळी मात्र नीट समजून घ्यावी लागते. साध्या नळीतून निघणाऱ्या प्रकाशात एकमेकांशी काटकोनात ध्रुवित असलेले हिस्से, म्हणजे मोड, असतात. नळी तापत असते तोवर त्यांच्यातली वाटणी सारखी बदलत राहते. उघड्या झोतात हे दिसत नाही, कारण बेरीज जवळपास तीच राहते. पोलरॉइड लावला की त्यातला एकच हिस्सा पुढे येतो आणि उजेड संथ लयीत वर-खाली होऊ लागतो. मुलांना वाटतं मीटर बिघडलं. मी त्यांना सांगते, अर्धा तास नुसतं बसा आणि दर दहा सेकंदांनी वाचन लिहा. त्या वाचनांचा आलेख काढला की नळी तापतानाची तिची लांबी वाढत चालल्याचं त्यात दिसतं. लांबी वाढते मायक्रोमीटरांत, आणि ती दिसते शाळकरी वहीतल्या आलेखावर.

मला सगळ्यात आवडतो तो साधा काचेचा तुकडा. हवेतून काचेवर सरळ पडलेल्या उजेडाचा ४ टक्के भाग परत फिरतो. हा ४ आकडा काचेच्या अपवर्तनांकातून येतो, दीडच्या अंकासाठी गणित तोंडी होतं, आणि लाल असो की हिरवा, तो फारसा बदलत नाही. म्हणजे खऱ्या अर्थाने रंगाचा पक्षपात न करणारा फिल्टर हाच. अडचण एवढीच की काचेला पाठ असते आणि पाठीवरूनही ४ टक्के परततात. दोन झोत एकमेकांवर पडून नको त्या रेषा उमटतात. त्यासाठी काचेची मागची बाजू काळ्या एनॅमलने रंगवायची. रंग काचेला चिकटून बसला की मागचं परावर्तन जवळजवळ मरतं, आणि पुढच्या पृष्ठभागाचे ४ टक्के तेवढे उरतात. असे दोन तुकडे समोरासमोर ठेवून झोत एकावरून दुसऱ्यावर उडवला, की ०.१६ टक्के. तीन तुकडे, ०.००६४ टक्के. ओडीत १.४, २.८, ४.२. कोन मात्र लहान ठेवायचा. ४५ अंशांवर गेलात तर एका दिशेने ध्रुवित उजेडाचे ९ टक्के परततात आणि दुसऱ्या दिशेच्याचा एक टक्काही नाही, मग ४ चा हिशेब राहत नाही. आमच्या गावच्या काचवाल्याकडे फ्रेम कापून उरलेल्या पट्ट्यांचा ढीग असतो. रंगाची छोटी डबी लॅबमधल्या मामांनी घरून आणली, दार रंगवून उरलेली.

द्रावणांचाही उपयोग होतो. रसायनशास्त्र विभागातून मोरचूद आणायचं, चपट्या काचेच्या भांड्यात पाण्यात विरघळवायचं. निळं पाणी लाल उजेड खातं, हिरवा जवळजवळ तसाच सोडतं. मोरचूद किती घातलं आणि ओडी किती झाली याचा आलेख सरळ रेषेत येतो. थरातून जाणारा उजेड कसा घटतो हे फ्रान्सच्या पिएर बूगेर यांनी १७२९ साली मांडलं होतं, तेव्हा उजेड मोजायला डोळा आणि मेणबत्ती याशिवाय काही नव्हतं. शाई मात्र मी टाळते. काळ्या द्रवात झोत शिरला की तिथलं पाणी तापतं, तापलेलं पाणी भिंगासारखं वागतं आणि काही मिलिवॉटच्या झोतालासुद्धा पडद्यावर कडी येतात.

मोरचुदाबद्दल आणखी एक सांगायचं आहे, आणि ते या सगळ्या लेखात सर्वांत महत्त्वाचं आहे.

बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक हिरवे लेझर पॉइंटर मुळात हिरवे नसतात. आत ८०८ नॅनोमीटरचा अवरक्त, म्हणजे डोळ्याला न दिसणारा, उजेड देणारा डायोड असतो, तो एका स्फटिकातून १०६४ नॅनोमीटरचा अवरक्त उजेड काढतो, आणि दुसरा स्फटिक त्यातल्या काहीचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा उजेड करतो. उरलेला अवरक्त अडवायला शेवटी एक छोटा फिल्टर हवा. पैसे वाचवायला तो कित्येक पॉइंटरांत बसवलेलाच नसतो. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापांच्या राष्ट्रीय संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१० साली असा एक पॉइंटर तपासून त्यातून हिरव्यापेक्षा अवरक्त उजेड जास्त बाहेर पडत असल्याचं दाखवलं. आता विचार करा. आपण त्याच्यापुढे डायची काळी फिल्म लावली. ती हिरवा अडवते, अवरक्त सोडून देते. आडवे-उभे पोलरॉइड लावले. हिरवा जवळपास विझला, पण साधा पोलरॉइड १०६४ ला आडवा काय नि उभा काय, सारखाच. डोळ्याला अंधार दिसतो, बाहुली मोठी होते, आणि न दिसणारा झोत सरळ आत जातो. उजेड कमी केल्यामुळे धोका वाढला, अशी ही एकमेव जागा मला माहीत आहे, आणि कुठल्याही प्रयोगवहीत ती छापलेली मी पाहिलेली नाही.

तपासायला जुनी सीडी पुरते. सीडीवरच्या ओळींमधलं अंतर १.६ मायक्रोमीटर असतं. पॉइंटर पक्का बसवून झोत सीडीवर सरळ टाकला की हिरवा ठिपका मूळ दिशेपासून १९ अंशांवर पडतो. अवरक्त असेल तर त्याचे ठिपके ३० आणि ४२ अंशांच्या आसपास पडतात. डोळ्याला दिसत नाहीत, अवरक्त फिल्टर काढलेल्या वेबकॅमला दिसतात. आमच्याकडे नवा हिरवा पॉइंटर आला की आधी ही तपासणी होते, मगच तो टेबलावर चढतो. अवरक्त सापडला की मोरचुदाचं भांडं कायमचं त्याच्यापुढे. ते पाणी ८०८ च्या आसपास सगळ्यात जास्त खातं आणि १०६४ लाही चांगलं अडवतं. भांड्यानंतर पुन्हा वेबकॅम लावून खात्री करायची. आणि घरी केलेला कुठलाही फिल्टर म्हणजे चष्मा नव्हे. त्यातून लेझरकडे बघायचं नाही, सूर्याकडे तर नाहीच नाही. हे मी फळ्यावर लिहून ठेवते आणि पुसू देत नाही.

आता मोजणं. पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणारा बीपीडब्ल्यू ३४ हा फोटोडायोड, म्हणजे उजेड पडला की प्रवाह देणारा डायोड, ९ व्होल्टची बॅटरी, दोन रोध आणि साधं मल्टिमीटर. एक मिलिवॉट लाल उजेडाला हा डायोड साधारण ०.४ मिलिअँपियर प्रवाह देतो. एक किलोओहमच्या रोधावर त्याचे ०.४ व्होल्ट मिळतात. ओडी ३ चा फिल्टर मध्ये आला की रोध १०० किलोओहमचा करायचा, ४० मिलिव्होल्ट दिसतात. ओडी ५ पर्यंत असंच रेटता येतं, फक्त लेझर झाकून येणारं वाचन प्रत्येक वेळी वजा करायचं. खोलीतला उजेड आणि डायोडचा स्वतःचा अंधारातला प्रवाह, दोन्ही त्यात जातात.

आमच्या पाच टक्केवाल्या फिल्मने लाल लेझरला सात-आठ टक्के वाट दिली. दुकानातल्या काकांचा आकडा खोटा नव्हता, तो दिवसाच्या पांढऱ्या उजेडाचा होता. मुलांना मी प्रत्येक काचपट्टीच्या कडेला चिठ्ठी चिकटवायला लावते: कुठला लेझर, किती ओडी, कुणी मोजली, कधी. दुसऱ्या गटाने तीच पट्टी पुन्हा मोजायची, चिठ्ठी न बघता. दोघांचं जुळलं की पट्टी पेटीत जाते. मग अ आणि ब वेगवेगळ्या मोजायच्या आणि दोन्ही एकत्र लावून मोजायच्या. डायच्या फिल्मची बेरीज चोख येते. मेटलच्या दोन फिल्म समांतर लावल्या तर येत नाही, एकत्रित ओडी बेरजेपेक्षा कमी भरते, कारण उजेड दोघींच्या मध्ये उड्या मारत राहतो आणि प्रत्येक उडीला थोडा पलीकडे निसटतो. एकीला जरासं तिरकं केलं की हे निसटणं झोताच्या वाटेबाहेर जातं आणि बेरीज जमते. गेल्या वर्षीच्या एका विद्यार्थिनीने हे स्वतः शोधलं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बेरीज का येत नाही याचा तिला राग आला आणि ती पट्ट्या हलवत बसली. मखमली डबीतल्या फिल्टरवर ओडी छापलेली असते, आणि छापलेल्या आकड्याचा कुणाला राग येत नाही.

स्वस्त फिल्टर हा गरिबीचा उपाय आहे असं मी मानत नाही. रामन यांनी १९२८ साली विखुरलेल्या उजेडात रंग बदललेला अंश शोधला तो सूर्यप्रकाश आणि एकमेकांना पूरक रंगांचे फिल्टर वापरून. एक फिल्टर आत जाणाऱ्या उजेडावर, दुसरा बाहेर येणाऱ्यावर. दोन्ही मिळून सगळं बंद व्हायला हवं होतं, तरी काहीतरी दिसत होतं. ते "काहीतरी" मानायचं की फिल्टरची गळती म्हणून सोडून द्यायचं, हे ठरवायला फिल्टर आतून-बाहेरून माहीत असावा लागतो.

आणि काजळी. आमच्या आजीच्या पिढीने ग्रहण पाहायला काचेवर चिमणीची काजळी धरली. ते डोळ्यांना घातक होतं, आता कुणी करू नये. पण १९०९ साली केंब्रिजमध्ये जेफ्री टेलर नावाच्या तरुणाने जे. जे. थॉमसन यांच्या सांगण्यावरून जो प्रयोग केला, त्यातला फिल्टर हाच होता, धुराने काळवंडलेली काच. गॅसची ज्योत, एक फट, एक सुई, आणि सुईच्या सावलीच्या कडेला उमटणारे पट्टे टिपायला फोटोची प्लेट. काजळीच्या काचा वाढवत वाढवत त्याने उजेड इतका कमी केला की प्लेट पुरेशी काळी व्हायला सुमारे २००० तास लागले, जवळजवळ तीन महिने. एका मैलाहून थोड्या जास्त अंतरावरच्या मेणबत्तीचा उजेड असावा एवढाच तो होता. पट्टे तितकेच स्पष्ट आले.

हा प्रयोग मुलांना सांगितला की पुढचा हिशेब ती स्वतःच मांडतात. हेलियम-निऑनच्या एका फोटॉनची, म्हणजे उजेडाच्या एका कणाची, ऊर्जा ३.१४ गुणिले १० चा उणे १९ वा घात जूल. एका मिलिवॉटमध्ये सेकंदाला साधारण ३.२ गुणिले १० चा १५ वा घात इतके फोटॉन. एक मीटर वाट कापायला उजेडाला ३.३ नॅनोसेकंद लागतात. मग वाटेत एका वेळी सरासरी एकच फोटॉन असावा म्हणून किती ओडी हवी? उत्तर ७ येतं. ८ लावली की दहात नऊ वेळा वाट रिकामी. नाना पेठेतली फिल्म, बोहरी आळीतली काच आणि मामांचा उरलेला रंग यांतून ओडी ८ उभी राहते, हे वहीवर उतरलं त्या दिवशी वर्गात जो गलका झाला तो मला हवाहवासा वाटला.

इथे मी एक गोष्ट आवर्जून सांगते. मंद केलेला लेझर म्हणजे एकेक फोटॉन सोडणारं यंत्र नव्हे. सरासरी एक असली तरी कधी दोन येतात, कधी तीन, कधी एकही नाही. उजेड कणांनीच बनला आहे हे अशा प्रयोगाने सिद्ध होत नाही. त्यासाठी खरोखर एकेक फोटॉन देणारा स्रोत लागतो, तसा प्रयोग फ्रान्समध्ये ग्रँजिए, रॉजे आणि आस्पे यांनी १९८६ साली केला. आमच्या पेटीतून एवढंच कळतं की उजेड कितीही विरळ केला तरी पट्टे मोडत नाहीत. पदवीच्या दुसऱ्या वर्षाला तेवढंही पुष्कळ आहे, आणि जेवढं कळतं तेवढंच लिहायचं ही सवय त्याहून.

या सत्रात लाकडी पेटीत सुई, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकाचा लेन्स नसलेला कॅमेरा आणि ओडी ८ अशी मांडणी चालू आहे. एक मिलिवॉटचे १० पिकोवॉट उरतात. सेन्सरवर ते पसरले की दर पिक्सेलला सेकंदाला दोन-तीन फोटॉन, म्हणजे मिनिटाभराच्या फोटोत शंभर-दीडशे. एवढ्यात सुईच्या कडेचे पट्टे दिसायला हवेत. आतून काळं फडकं लावलं आहे, केबलच्या भोकात काळी माती भरली आहे. लेझर बंद ठेवून घेतलेल्या फोटोत मात्र एका कोपऱ्यात अजून उजेड येतो, आणि मोजल्यावर तो आमच्या १० पिकोवॉटपेक्षा जास्त भरला. झाकणाच्या बिजागरीतून येत असावा असा मुलांचा अंदाज आहे. सोमवारी बिजागरी काढून झाकण स्क्रूने बसवायचं ठरलं आहे, स्क्रू मामा आणणार आहेत.